येणाऱ्या फोनचे पैसे

संपतने सकाळीच पडवीची फरशी ओल्या फडक्याने पुसून घेतली आणि तिच्यावर कोळशाने सगळी जमीन काढली. वर पुणे-नाशिक रस्ता, खाली मीना नदी, मधोमध विहीर. विहीर हाताला जरा मोठीच आली होती, पण त्यावरून कुणी काही बोललं नाही. वडिलांना, आबांना, जाऊन वर्ष उलटलं होतं. वाटणीवरून भांडणारे सख्खे भाऊ जुन्नरच्या कोर्टाच्या ओट्यावर म्हातारे झालेले वारूळवाडीने पाहिले होते, आणि आपल्याकडे तसं होऊ द्यायचं नाही एवढ्या एका गोष्टीवर या घराचं एकमत होतं. बाकी कशावर नव्हतं.

म्हणून हौशीराम मामांना बोलावलं होतं. आईचा, म्हणजे कुशाबाईंचा, हा धाकटा भाऊ आसपासच्या गावांतल्या वाटण्यांना बसायचा, आणि एकदा बसला की जेवल्याशिवाय उठायचा नाही.

घराची रीत अशी की वाटे थोरल्याने पाडायचे आणि आधी उचलायचं धाकट्याने. थोरल्याला लबाडी करता येत नाही, कारण उरलेलं त्याच्याच पदरात पडतं. संपतने दोन वाटे पाडले होते. एकात रस्त्याकडचं रान आणि नदीकाठचा तुकडा, दुसऱ्यात विहीर आणि तिच्याखालचं काळं रान. दोन्ही तोलामोलाचे होते. पण पाठच्या भावाला, दादाभाऊला, टोमॅटो लावायचाय, तो डोळे झाकून विहीर उचलणार, हे संपतला पक्कं ठाऊक होतं. आणि संपतला स्वतःला रस्त्याच्या कडेला खतांचं दुकान टाकायचं होतं. म्हणजे रीतही सांभाळली जाणार होती आणि दुकानही होणार होतं. माणूस लबाड नव्हता, नुसता आधीपासून विचार करून बसलेला होता.

"मला माती नको, दोन टायमाची भाकर अन् बीपीच्या गोळ्या द्या," असं सांगून कुशाबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांच्या मागे, आतल्या अंगाला, मंगल. ती कालच शिनोलीहून आली होती. तिन्ही भावंडांत धाकटी. तिचं काम एकच होतं: उद्या सगळ्यांबरोबर जुन्नरला जायचं आणि हक्कसोडपत्रावर सही करायची. बापाच्या जमिनीत माझं काही नाही, मी राजीखुशीने सोडलं, असं लिहून द्यायचं. इंद्रायणीने, म्हणजे संपतच्या बायकोने, त्यासाठी नारायणगावातून चांगली साडी आणून ठेवली होती. बहिणीची सही आणि साडी हे या भागात बरोबरीने चालतात.

"चला, उचला," मामा म्हणाले, आणि तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली.

उतरलेला तरुण सव्वीस-सत्ताविशीचा, इन केलेला शर्ट, काखेत काळी बॅग.

"सावळेराम धोंडिबा यांचं घर हेच का?"

"हेच," संपत म्हणाला. "पण ते मागल्या साली वारले. तुमी कोण?"

तो जरा चपापला, पण सावरला. "मी वसुलीला आलोय. त्यांच्या नावावर मोबाइलचं बिल थकलंय. कंपनीनं आमच्या एजन्सीकडं दिलंय."

एजन्सीत त्याला शिकवून पाठवलं होतं की आवाज चढवायचा, बसा म्हटलं तरी बसायचं नाही आणि चहाला हात लावायचा नाही. पण शिकवणारा माणूस पुण्याचा होता. त्याला हौशीराम मामांची कल्पना नव्हती.

"पुण्याचं का तुमी, पावणं?"

"राहतो भोसरीला."

"मूळचं?"

"अवसरी. बुद्रुक."

"अवसरीत कुणाचा?"

यातून सुटका नव्हती. आजीचं नाव धोंडाबाई, हे त्याने सांगितलं मात्र, मामांनी मांडीवर थाप मारली. "धोंडाबाई म्हंजी माझ्या साडूची आत्याच की राव! बस, बस. इंद्रायणी, चहा टाक. आपल्यातलाच हाय." आदेश नावाचा तो वसुलीवाला सतरंजीवर बसला, बूट काढून बसला, आणि बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आता आवाज चढवणं अवघड आहे.

"किती हाय बिल?" संपतने विचारलं.

"दंड धरून अकरा हजार आठशे. दोन हजार दोनचं आहे. आज भरलं तर सहा हजारांत मिटवायची परवानगी आहे मला."

"मेलेल्या माणसाकडून वसूल करणार व्हय?"

"मला तरी कुठं आवडतंय, भाऊ. पण मी नाही केलं तर पुढच्या आठवड्यात दुसरा येईल. तो चहा नाही घ्यायचा. पारावर बसून नाव घेऊन विचारीत बसंल." हे त्याने धमकी म्हणून नाही, नात्यातला म्हणून सांगितलं.

मामांनी कोळशाच्या नकाशाकडे पाहिलं. "मग ह्येबी आत्ताच धरलं पायजे. घेणं तसं देणं. कुणाच्या वाट्याला लावायचं?"

संपतने वर पाहिलंच नाही. "ज्याचं हाय त्याच्या."

ज्याचं म्हणजे कुणाचं, हे त्या पडवीत आदेश सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

*

दादाभाऊने आधी चहाचा कप खाली ठेवला. तो आपटू नये याची काळजी घेऊन ठेवला.

तो मोबाइल त्याला चांगला आठवत होता. मळ्यात टेलिफोनची तार येईना, म्हणून आबांनी नारायणगावच्या दुकानातून घेतला होता, वस्तीवरचा पहिला. आईने त्याला खणाची पिशवी शिवली होती. त्याच वर्षी दादाभाऊ एका तमाशाच्या फडाची गाडी चालवत होता. नारायणगावात पाडव्यापासून फडांच्या राहुट्या लागायच्या, गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला यायचे, आणि ड्रायव्हर कुठे आहे म्हणून फडमालकाचा फोन घरी यायचा. आला की आबांच्या कपाळावर आठी. मग एक दिवस हजारांतलं बिल आलं. आबा म्हणाले, ह्या नाचगाण्याच्या लोकांनी माझं घर बुडवलं. ज्यानं केलं त्यानं भरावं. दादाभाऊ म्हणाला, मी ह्या फोनवरून कुणाला एक नंबर लावला असंल तर हात झडो. आबांनी विश्वास ठेवला नाही. फोन बंद पडला आणि दादाभाऊ चाकणला कंपनीत गेला. बोलणं तुटलं ते आबा अंथरुणाला खिळेपर्यंत. शेवटी शेवटी तो आला तेव्हा आबांना माणसं ओळखू येत नव्हती.

"दादा," तो म्हणाला, "इहीर घे, रान घे, मला नदीचा तुकडा दे नुसता. पण ह्ये बिल माझ्या नावावर लावू नको. तवा सांगितलं त्येच आत्ता सांगतो. मी एक फोन लावला न्हाई."

"मग काय भुतानं लावलं?" संपत म्हणाला. "अकरा हजार!"

"सहा," आदेश मध्येच म्हणाला.

"आपल्या घरात फोन लावायला येत व्हता कुणाला? आबांना बटणं दिसत नव्हती. मला लावायची गरज नव्हती. ऱ्हायलं कोण?"

"लावायची गरजच काय पण?" आदेशला वाटलं आपण मध्ये पडावं, नात्यातला होता आता. "ह्या बिलात लावलेले फोन कमीच आहेत. बरेचसे आलेलेच फोन आहेत."

"आलेले?" मामा म्हणाले. "आलेल्याचं काय?"

"आलेल्याचे पैसे. तेव्हा येणाऱ्या फोनलाबी मिनिटाला पैसे पडायचे की. दोन हजार तीनला बंद झालं ते."



"थांब थांब," मामा म्हणाले. "समोरच्यानं फोन केला. पैसं त्यानं दिलं. मंग आपण कशाचं द्यायचं?"

"घेतल्याचे."

"घेतल्याचे! म्हंजी पावणा येष्टीनं आपल्या घरी आला, त्यानं तिकीट काढलं, अन् कंडक्टर आपल्याला म्हणतो, तुमीबी काढा? का, तर तुमच्याकडं आला म्हणून?"

"तसंच होतं, मामा. नियमच होता. दुकानदारानं सांगितलं असंल की घेताना."

दुकानदाराने सांगितलंही असेल. पण टेलिफोनवर येणाऱ्या फोनला पैसे पडत नाहीत हे आबा पोस्टातल्या फोनपासून बघत आले होते, आणि जी गोष्ट कधी नव्हतीच ती कुणी सांगितली तरी ऐकू कुठून येणार? आबांनी उलट वस्तीभर सांगितलं होतं: लावायचा न्हाई, आलेला खुशाल घ्या, आलेला फुकट हाय.

*

इंद्रायणी चहाचे कप गोळा करायला आली होती, ती कप तसेच हातात धरून उभी राहिली.

सकाळपासून ती नवऱ्याच्या बाजूने होती. तिला दुकान हवं होतं. उन्हात खुरपून तिची कंबर गेली होती. दादाभाऊचं नाव निघालं की तीच म्हणायची, भावजींनी बिल केलं अन् निस्तरलं आमी. आणि आता तिला आठवलं की तिने तो नंबर आपल्या माहेरी दिला होता, दोन्ही बहिणींना दिला होता, वर म्हणाली होती, कितीबी येळ बोला, हिकडून फुकट हाय.

"माझ्या आईचे फोन यायचे," ती म्हणाली.

संपतने तिच्याकडे पाहिलं. आत्ता बोलायची काय गरज होती, असं ते पाहणं होतं.

"यायचे तर," ती पुढे म्हणाली. "रोज नाय, पण यायचे. अन् तुमचे न्हवते का? वाशीच्या मार्केटचे? टोमॅटोचा बाजार काय निघाला म्हणून आडत्या अर्धा अर्धा तास बोलायचा."

"अर्धा तास नाय."

"मग किती?"

संपत नकाशातला रस्ता पुन्हा कोळशाने गिरवू लागला. मामांनी घसा साफ केला आणि आपला धाकटा मुलगा मुंबईहून त्याच फोनवर बोलायचा, हे हळूच कबूल केलं. मग कळलं की शेजारच्या मळ्यातल्या सोनीबाईंचा जावईही तिथेच करायचा, आणि त्यांना बोलवायला जाईपर्यंत फोन चालूच असायचा, गवतावर उताणा. सगळ्यांना थोडं हसूही आलं. दादाभाऊला आलं नाही. जिच्यावरून तो घराबाहेर राहिला ती गोष्ट सगळ्यांनी मिळून केली होती, आणि आता ती हसण्यावारी चालली होती.

"भावजी," इंद्रायणी म्हणाली, "मी लई बोलले तुमच्या माघारी. चुकलं माझं."

"असू द्या, वहिनी." दादाभाऊ म्हणाला. "ज्यानं ऐकायला पायजे व्हतं त्यो ऱ्हायला न्हाई."

*

मंगलने हे सगळं उंबऱ्याच्या आतून ऐकलं. 

आडत्या, मामांचा मुलगा, वहिनीची आई, सगळे खरे. पण ते हंगामापुरते, आठवड्यातून एखाद्या वेळचे. ते सगळे मिळूनही निम्मं बिल झालं नसतं, हे तिला ठाऊक होतं. शिनोलीत तिच्या नवऱ्याचं, चांगदेवचं, एसटीडी बूथ होतं. दुपारी भीमाशंकरच्या गाड्या कमी झाल्या की तो भाताच्या खाचरात जायचा आणि मंगल बूथमध्ये बसायची. त्या वर्षी तिचं पहिलं बाळ पोटातून आलं ते रडलंच नाही. सासूने दहाव्या दिवशी तिच्या हातात पाखडायला सूप दिलं आणि पुन्हा कुणी बाळाचं नाव काढलं नाही. मंगल त्या काचेच्या डब्यात बसून आईला फोन लावायची. चांगदेवने बूथचे पैसे कधी विचारले नाहीत. कधी ती नुसती रडायची आणि पलीकडून आई म्हणायची, रड, मी हाये. कधी दोघी गप्प असायच्या आणि दोन्हीकडे पैसे पडत होते, हे दोघींना माहीत नव्हतं. ते फोन नसते तर ती त्या घरात राहिली नसती. कदाचित कुठेच राहिली नसती.

बोलू नये असंही तिला वाटलं. आज तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, साडी घ्यायची, सही करायची आणि जायचं. तिच्या चुलत जावेने माहेरच्या कागदावर सही करायला नकार दिला होता. त्याला पाच वर्षं झाली, तिला हळदीकुंकवालाही कुणी बोलावलं नव्हतं. मंगलला जमिनीचा मोह नव्हता असं नाही. पण दर दिवाळीला संपतदादा मोटारसायकलवर न्यायला यायचा. सासूसमोर बसून, चहा पिऊन, "मंगलला न्यायला आलोय" म्हणायचा, आणि त्या एका वाक्यावर तिचं शिनोलीतलं वर्ष निघायचं. ते घालवायची तिची हिंमत नव्हती.

पण दादाभाऊ मान खाली घालून बसला होता.

"भाऊ," ती उंबऱ्याबाहेर येत म्हणाली, "ते फोन माझे व्हते."

"तुझे कसले?" संपत म्हणाला.

"बाळ गेलं त्या वर्षी. रोज दुपारी लावायचे मी आईला. तास तास. बाकीच्यांचे किती असणार? ते बिल माझं हाय."

 संपत उठला, तिच्या जवळ गेला आणि डोक्यावर हात ठेवला. हे त्याने मनापासून केलं. "येडी का काय तू? तुला कोण मागतंय? आमी भरू. तू आमची पावणी. तुझ्या नावावर कसलं देणं?"

मंगलला ते गोड वाटायला हवं होतं. नाही वाटलं. बोलला तो प्रेमानेच, पण दार लावून घेतल्यासारखं तिला वाटलं.

"नगं," ती म्हणाली. "माझ्या नावावर धरा. मी फेडीन."

"अगं, धरता येत न्हाई," मामा समजावू लागले. "देणं वाटणीत बसतं. वाटणीत लेकीचं नाव नसतं."

"का?"

"का म्हंजी? नसतं."

"मग उद्याच्या कागदावर माझी सही कशाला लागती, मामा?"

मामा इतक्या वाटण्यांना बसले होते. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता, कारण साडी नेहमी आधी द्यायची असते. आदेशने बशीतलं बिस्कीट उचललं होतं, ते तसंच परत ठेवलं.

"मंगल," संपत हळू आवाजात म्हणाला, "वाटा मागतीस का तू?"

 नाही म्हणणं सोपं होतं. "बिल मागतीये. त्याच्यासंगट जे येतं तेबी."

*

सगळ्यांनी कुशाबाईंकडे पाहिलं. त्या मघापासून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

त्यांना आपला नवरा आठवत होता. माणूस वाईट नव्हता, हट्टी होता. बिल आल्यावर रात्र रात्र कूस बदलत पडायचा; पोराला घालवून दिल्यावर चार महिने त्याला भाकर गोड लागली नाही. आणि ते बिल येईपर्यंत कुशाबाई रोज दुपारी खणाच्या पिशवीतून तो फोन काढून जांभळीखाली लेकीशी बोलत होत्या. कळत असतं तरी त्या बोलल्याच असत्या. पण मग नवऱ्याला सांगितलं असतं, पोराला जाऊ दिलं नसतं. एक पोर वाचवताना दुसरं गेलं. हे त्यांना आज कळलं.

"ती एकटी बोलत नव्हती," त्या म्हणाल्या. "तिकडून ती अन् हिकडून मी. दादाभाऊ, हिकडं ये."

दादाभाऊ आला, आईजवळ खाली बसला. कुशाबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायच्या तसा, आणि तो चाळिशीला आलेला माणूस हुंदका देऊन रडला. मामा दुसरीकडे पाहू लागले. इंद्रायणीने डोळ्याला पदर लावला.

थोड्या वेळाने कुशाबाई म्हणाल्या, "संपत, फरशी पूस."

"आई..."

"पूस. अन् तीन वाटे पाड. नीट पाड."

"आबा असते तर..."

"आबा असते तर मी त्यांच्या संगट भांडले असते. आता तुझ्या संगट भांडायला लावू नको. तिनं देणं मागितलं, संपत. एवढ्या वर्षात ह्या घरात देणं मागणारं कोणी बघितलं का तू?"

संपतने मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "कायद्यानं बघशील तर लेकीचा हाय वाटा. मी आपलं आजवर बोललो न्हाई." मग त्याने बायकोकडे पाहिलं. इंद्रायणीने आतून ओलं फडकं आणून त्याच्या हातात दिलं. तिला बापाकडून काय मिळालं होतं ते त्याला ठाऊक होतं: एक साडी.

*

नवे वाटे पाडायला संपतला बराच वेळ लागला. रागाने वाकडे पाडणं त्याला जमलं असतं; मामांनी फार तर एकदा टोकलं असतं. पण ज्याला उरलेलं घ्यायचंय त्याला वाकडेपणा परवडत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला तसं करायचंही नव्हतं. एक रस्त्याकडचं रान, सगळ्यांत लहान पण मोलाचं. एक विहिरीखालचं काळं. एक नदीकाठचा मोठा तुकडा, त्याला विहिरीच्या पाण्याची पाळी. त्याने कोळसा बाजूला ठेवला. या वेळी विहीर बेताची आली होती.

दादाभाऊने खिशातून पैसे काढले आणि आदेशसमोर ठेवले. "ह्ये आत्ता मी देतो. तिनं मला द्यायचं, भात झाल्यावर. चाललं ना, मंगल?"

"चाललं," ती म्हणाली.

आदेशने पावती फाडली. नाव कुणाचं लिहू, म्हणाला. सावळेरामांचं लिही, कुशाबाई म्हणाल्या, भरणार म्हणून मंगलचं. तो दोन्ही लिहून, कुशाबाईंच्या पाया पडून गेला. वसुलीच्या धंद्यात तो नंतर फार दिवस टिकला नाही म्हणतात.

"उचला आता," मामा म्हणाले आणि सवयीने दादाभाऊकडे वळले.

"माझ्याकडं काय बघता? धाकटी ती हाय."

संपतने चटकन वर पाहिलं. हे त्याच्या हिशेबात आलंच नव्हतं. वाटे पाडताना त्याने दादाभाऊ विहीर उचलणार हे धरलं होतं, आणि मंगल बाईमाणूस, उरेल ते घेईल, हे न ठरवताच धरलं होतं.

मंगल नकाशापाशी येऊन बसली. तिने घाई केली नाही.

"दादा, शिनोलीचं बूथ बंद पडलंय. घरोघर मोबाइल झालेत, कोण येतंय बूथवर? भातावर वरीस निघत न्हाई. रस्त्याला गाळा काढला तर भाडं तरी येईल." तिने रस्त्याकडच्या चौकोनावर बोट ठेवलं. "मला ह्ये."

"मला तिथं दुकान टाकायचं व्हतं," संपत म्हणाला. तक्रार नव्हती, नुसतं सांगितलं.

"ठाऊक हाय. वहिनी बोलल्या व्हत्या."

"ठाऊक असून उचललं?"

"व्हय."

दादाभाऊने विहिरीवर बोट ठेवलं. संपतच्या वाट्याला नदीचा तुकडा आला. तो कोळशाचे हात धुवायला विहिरीवर गेला. मामा मोठ्याने म्हणाले, "वाढा पानं!" आणि सगळे जेवले. पुरण चांगलं झालं होतं. कुणी कुणाला टाकून बोललं नाही. इंद्रायणीने साडीची पिशवी मंगलच्या पुढ्यात ठेवली. सहीची न्हवं, म्हणाली, अशीच घ्या.

उद्याचा जुन्नरचा कागद आता लागणार नव्हता; दुपारी संपतनेच मंगलला मोटारसायकलवर नारायणगावच्या स्टँडवर सोडलं. दादाभाऊ येतो म्हणाला होता, पण संपतने चावी दिली नाही.  घोडेगावची गाडी लागलेली होती. त्याने तिची पिशवी वर चढवली, खिडकीची जागा पकडून दिली, पाण्याची बाटली आणून दिली. सगळं नेहमीसारखं.

"दादा," ती खिडकीतून म्हणाली, "दिवाळीला न्यायला येशील ना?"

संपत खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. त्याने खरंच विचार केला. त्याच्या तोंडावर राग शोधला तरी सापडला नसता.

"न्यायला कशाला आता, मंगल? न्यायला पावणीला जात्यात. हितं तुझं रान हाय. तुझी तू ये."

कंडक्टरने घंटी मारली. तिला काही तरी म्हणायचं होतं, पण तो चूक काही बोलला नव्हता. जे तिने मागितलं होतं तेच त्याने दिलं होतं, पुरतं. गाडी निघाली आणि मंचर येईपर्यंत ती रडत होती.